'शार्प ऑब्जेक्ट्स'चा अखेरचा भाग 'मिल्क' : घरातला गुन्हा आणि गावभर चाललेला शोध

मुठाकाठ

आधी सूचना: या धाग्यात मालिकेचे सगळे रहस्य उघड केलेले आहे. ज्यांना ती पाहायची आहे त्यांनी आठही भाग संपवूनच इकडे यावे.

एचबीओने २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दाखवलेली ही मालिका आम्ही एरंडवण्यातील काही मंडळींनी या पावसाळ्यात दर शनिवारी एक भाग या गतीने पाहिली. आठही भागांचा दिग्दर्शक एकच, ज्याँ-मार्क व्हॅली. कथा थोडक्यात अशी: सेंट लुईसच्या एका वृत्तपत्रात काम करणाऱ्या कॅमिलला (एमी ॲडम्स) तिचा संपादक करी तिच्या जन्मगावी, मिसुरी राज्यातील विंड गॅप या काल्पनिक गावी पाठवतो. तेथे आदल्या वर्षी एका मुलीचा खून झालेला आहे आणि दुसरी बेपत्ता आहे. लवकरच तिचेही प्रेत सापडते. दोघींचेही दात उपटलेले आहेत. कॅमिल मुक्कामाला उतरते ती आईच्याच घरी, जिथे तिची धाकटी बहीण मॅरियन वर्षानुवर्षे आजारी राहून वारली आणि जिथे आता ॲमा (एलायझा स्कॅनलेन) ही तिसरी मुलगी वाढते आहे. आई अडोराची भूमिका पॅट्रिशिया क्लार्कसनने केली असून तिला त्यासाठी गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला.

'मिल्क'विषयी बोलणारे बहुतेक लोक शेवटच्या दोन मिनिटांवर बोलतात. माझे म्हणणे असे आहे की या भागाचा गाभा त्याच्या पूर्वार्धात, जेवणाच्या टेबलापासून वरच्या मजल्यावरच्या पलंगापर्यंत घडतो. सातव्या भागात कॅमिलला कळून चुकलेले असते की मॅरियनला आईनेच औषधाच्या नावाखाली विष चारून मारले, आणि तोच प्रकार आता ॲमाच्या बाबतीत सुरू आहे. कॅमिल घरी येते, जेवायला बसते, आणि मग बरे वाटत नसल्याचे सांगून आईचे लक्ष ॲमावरून स्वतःकडे ओढून घेते. अडोरा निळी बाटली पुढे करते आणि कॅमिल, आत काय आहे हे ठाऊक असताना, ते पिते.

वरवर पाहता हा बहिणीसाठी केलेला त्याग आहे, आणि तो आहेच. परंतु पाचव्या भागात याच आईने याच मुलीला, आवाज जराही न चढवता, माझे तुझ्यावर कधी प्रेमच नव्हते असे सांगितलेले आपण ऐकलेले असते. लहानपणापासून जी मुलगी आईच्या शुश्रूषेच्या बाहेर राहिली आणि म्हणूनच जिवंत राहिली, ती आज प्रथमच आईच्या हाताखाली पडून आहे. आई तिचे केस सावरते आहे, तिच्या उशाशी बसून राहिली आहे. एमी ॲडम्सच्या चेहऱ्यावर त्या वेळी वेदना आहे, भीती आहे, आणि त्यांच्या जोडीने एक लाजिरवाणे समाधानही आहे. विष पिताना तिला बरे वाटते आहे! मानसशास्त्रीय रहस्यकथा या नावाखाली आपल्याला एरवी जे दाखवले जाते त्यात इतका उलटा गुंता फारसा सापडत नाही. खुनी कोण, हा प्रश्न मला त्यापुढे दुय्यम वाटतो.

निशिगंध

पूर्वार्धाविषयी पूर्ण सहमत आहे, मात्र त्यामुळे उत्तरार्धाला सात खून माफ होत नाहीत. सात भाग मंदगतीने, तुकड्यातुकड्यांच्या आठवणींतून, उन्हात तापलेले गाव दाखवत दाखवत मालिका पुढे सरकते, आणि आपण ती गती मान्य करतो, कारण शेवटी हिशेब चुकता होईल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात काय होते? अडोराला अटक होते, घरात रक्ताचे अंश असलेली पक्कड सापडते, कॅमिल ॲमाला घेऊन सेंट लुईसला जाते, ॲमाला मे नावाची मैत्रीण मिळते, ती मे नाहीशी होते, कॅमिलला ॲमाच्या बाहुलीघरात दात दिसतो, दारात उभी राहिलेली ॲमा "आईला सांगू नकोस" असे म्हणते, आणि पडदा काळा होतो. खून कसे झाले हे श्रेयनामावलीच्या मध्ये डोळ्याचे पाते लवेपर्यंत दाखवले जाते, आणि बेपत्ता मुलीला घेऊन जाताना एका लहान मुलाने पाहिलेली पांढऱ्या कपड्यातली बाई कोण होती याचे उत्तर तर श्रेयनामावली संपल्यानंतर येते.

आपल्याकडे श्रेयनामावली सुरू झाली की निम्मे प्रेक्षक चपला शोधू लागतात. घरी पाहणाऱ्यांच्या बाबतीत ती एका कोपऱ्यातल्या चौकटीत आक्रसते आणि पुढे काय पाहाल याची जाहिरात सुरू होते. ज्या उत्तरासाठी आठ आठवडे वाट पाहायला लावली ते उत्तर अशा जागी ठेवणे हा मला प्रेक्षकाचा अवमान वाटतो. आमच्या घरी तिघांपैकी दोघांनी ते पाहिलेच नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले की ॲमाने हे सगळे एकटीने कसे केले.

शनिवारपेठ

निशिगंधताई, पुण्यात राहून कात्रजचा घाट दाखवल्याबद्दल तक्रार करायची म्हणजे कमाल झाली. पोलीसप्रमुख व्हिकरी खुनी गावाबाहेरचा असावा या आशेवर आहे, तपासासाठी कॅन्सस सिटीहून आलेला पोलीस अधिकारी रिचर्ड डुकराचे मुंडके विकत आणून त्याचे दात पकडीने उपटून पाहतो आणि एवढी ताकद पुरुषाचीच असणार असे मानतो, अख्खे गाव मृत मुलीच्या रडणाऱ्या भावावर संशय घेते, आणि या सगळ्या काळात ॲमा आणि तिच्या दोघी मैत्रिणी चाकांचे बूट घालून भर रस्त्यातून सर्वांच्या नाकासमोरून फिरत असतात. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरे काय!

बाळवैद्य

मी पुण्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे मालिकेच्या वैद्यकीय बाजूविषयी थोडे सविस्तर लिहितो.

अडोराचे जे वर्तन दाखवले आहे त्याला 'मुंखहाउझेन सिंड्रोम बाय प्रॉक्सी' असे नाव रूढ आहे. स्वतःच्या आजाराच्या खोट्या कहाण्या रचून रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णांना रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५१ मध्ये, थापाड्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका जर्मन सरदाराचे नाव दिले होते. १९७७ मध्ये रॉय मेडो या बालरोगतज्ज्ञांनी 'द लॅन्सेट'मध्ये दोन मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. एका मुलीच्या लघवीच्या नमुन्यांत तिची आईच भेसळ करत होती, आणि त्यापायी त्या मुलीवर वर्षानुवर्षे निरर्थक तपासण्या आणि उपचार झाले. दुसऱ्या मुलाला आई मीठ पाजत होती, आणि ते मूल दगावले. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात याला 'दुसऱ्यावर लादलेला कृत्रिम आजार' या अर्थाचे नाव आहे. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी की हे निदान मुलाचे नसते, ते करणाऱ्या व्यक्तीचे असते. मुलाच्या बाबतीत तो सरळ छळ असतो.

मालिकेने जे अचूक पकडले आहे ते असे. अशा आया बहुधा निष्काळजी दिसत नाहीत, उलट आदर्श दिसतात. त्या रुग्णालयात रमतात, परिचारिकांची नावे त्यांना पाठ असतात, औषधांच्या मात्रा त्यांना आमच्या शिकाऊ डॉक्टरांपेक्षा चोख माहीत असतात. मूल वॉर्डात सुधारते आणि घरी गेले की पुन्हा आजारी पडते. लक्षणे दुसऱ्या कोणाच्याही नजरेस पडत नाहीत. मालिकेत हे सर्वप्रथम एका परिचारिकेच्या लक्षात येते, डॉक्टरांच्या नाही, आणि तिची नोंद दडपली जाते. हा तपशील लिहिणाऱ्याला रुग्णालयाचा कारभार आतून ठाऊक असला पाहिजे, असे मला वाटले. दिवसातून आम्ही खाटेपाशी पाच मिनिटे उभे राहतो. परिचारिका रात्रभर तिथे असते.

आपल्या व्यवसायाची एक अडचणही सांगतो. तान्ह्या किंवा लहान मुलाचा इतिहास आम्हाला आईकडूनच घ्यावा लागतो. साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेली जाडजूड फाईल, त्यात चार वेगवेगळ्या डॉक्टरांची पत्रके, आणि ती एकेक काढून समोर ठेवत बोलणारी आई, हे दृश्य आम्ही रोज पाहतो, आणि त्यातल्या जवळजवळ सर्व आया केवळ काळजीने अर्धमेल्या झालेल्या असतात. संशय घेणे ही आमची पहिली सवय असूच शकत नाही, आणि नेमका त्याचाच फायदा अडोरासारखी बाई घेते.

संध्यामंगल

डॉक्टरांचे विवेचन वाचून मला ॲलनविषयी लिहिणे भाग आहे, कारण आईवर बोलताना सगळे त्या गृहस्थाला विसरतात. अडोराचा हा नवरा, मॅरियन आणि ॲमाचा बाप, संपूर्ण मालिकाभर दिवाणखान्यात बसून महागड्या यंत्रावर संगीत ऐकतो. 'मिल्क'मध्ये रिचर्ड कॅमिलला शोधत दारात येतो तेव्हा हाच ॲलन, वर पोरगी विषाने तडफडत असताना, ती घरी नाही असे थंडपणे सांगून त्याला वाटेला लावतो. तोपर्यंत मी त्याला नेभळट समजत होते. त्या दारातल्या दृश्यानंतर त्याला नेभळट म्हणणे म्हणजे त्याची शिक्षा कमी करणे आहे. मूग गिळून बसणारा माणूस वेगळा, आणि दुसऱ्याची वाट अडवणारा वेगळा. एक मुलगी गमावलेल्या बापाला दुसरीच्या वेळी काहीच कळले नसेल, यावर माझा विश्वास नाही.

आणि हे केवळ त्या घरापुरते नाही. पाचव्या भागात गावाचा 'कॅल्हून डे' नावाचा उत्सव येतो. त्यात यादवी युद्धाच्या काळातील मिली कॅल्हून या स्त्रीची कथा मुलांकडून नाटकाच्या रूपाने सादर करवून घेतात: शत्रूच्या सैनिकांनी तिच्यावर अत्याचार केले, पण तिने आपल्या नवऱ्याचा ठावठिकाणा सांगितला नाही. मिलीची भूमिका ॲमाच करते, आणि उत्सव अडोराच्या बंगल्याच्या हिरवळीवर होतो. ज्या गावाने बाईच्या तोंड न उघडण्यालाच दैवत केले आहे त्या गावात परिचारिकेची नोंद कोण वाचणार, आणि पांढऱ्या कपड्यातली बाई पाहिल्याचे सांगणाऱ्या लहान मुलाचे कोण ऐकणार? त्या मुलाची आई व्यसनी, घर गरीब. त्याची साक्ष पोलिसांनी पोरकटपणा म्हणून सोडून दिली. गावातले निम्मे लोक अडोराच्या वराहपालन केंद्रावर पोट भरतात, हेही विसरू नये. प्रतिष्ठित घराची झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवण्यात सर्वांचाच व्यवहार अडकलेला आहे. आपल्याकडच्या वाड्यांत वाढलेल्यांना हे समजावून सांगावे लागू नये. माजघरात काय चालते ते अंगणातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला ठाऊक असे, आणि तरी त्याविषयी बोलायची पद्धत नव्हती.

मुठाकाठ

संध्याताई, ॲलनविषयी तुमचे म्हणणे मान्य. त्यात एवढीच भर घालतो की व्हॅलीने या मालिकेत वेगळे पार्श्वसंगीत जवळजवळ वापरलेलेच नाही; जे ऐकू येते ते बहुतांशी कोणा ना कोणा पात्राच्या फोनमधून, गाडीतून किंवा ॲलनच्या त्या यंत्रातून येते. म्हणजे घरातला आवाज झाकण्याची सोय त्या घरातच आहे, आणि तिची कळ ॲलनच्या बोटाखाली आहे.

निशिगंध, तुमच्या आक्षेपाला उत्तर देतो. शेवट घाईचा आहे, परंतु अन्यायाचा नाही. अडोराच्या शयनगृहाची जमीन हस्तिदंताची आहे, ती या घराची मिरवण्याची वस्तू आहे, आणि ॲमाचे बाहुलीघर हे या घराची हुबेहूब प्रतिकृती आहे, या तिन्ही गोष्टी आपल्याला आधीच्या भागांत उघडपणे दाखवल्या आहेत. प्रतिकृतीत एखादी गोष्ट जरा जरी वेगळी झाली तरी ॲमा आकांडतांडव करते, हेही दाखवले आहे. मग त्या छोट्या शयनगृहाची जमीन कशाची असेल, हा प्रश्न विचारायला आपल्याला कोणी अडवले होते? हस्तिदंत म्हणजे तरी दातच. आपण तो प्रश्न विचारला नाही, कारण आपणही व्हिकरीप्रमाणे घराबाहेर पाहत होतो. कोडे घालणाऱ्याने सर्व सोंगट्या पटावर मांडल्या असतील तर उत्तर हळू आवाजात सांगितले ही तक्रार टिकत नाही. श्रेयनामावलीच्या मध्ये दाखवलेल्या हिंसेविषयी मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. ती नसती तरी चालले असते. दात आणि दारातली मुलगी एवढे पुरेसे होते.

निशिगंध

हस्तिदंताचा मुद्दा मान्य करते, तक्रारीचा अर्धा भाग मागे घेते. डॉक्टरांना एक प्रश्न आहे. अशी मालिका पाहून एखाद्या डॉक्टरला किंवा शेजाऱ्याला प्रत्येक अतिकाळजी करणारी आई अडोरा वाटू लागली तर?

बाळवैद्य

हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर रॉय मेडो यांच्याच आयुष्यात आहे. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन तान्ही मुले एकामागोमाग अचानक वारली, आणि १९९९ मध्ये त्यांना दोघांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. खटल्यात मेडो यांनी साक्ष दिली की अशा कुटुंबात दोन मुले आपोआप दगावण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक इतकी आहे. एका मृत्यूची शक्यता सुमारे ८,५०० मध्ये एक धरून तिचा वर्ग केला की हा आकडा येतो, पण हे गणित दोन्ही मृत्यू एकमेकांशी संबंध नसलेले असतील तरच लागू पडते. एकाच घरातील सख्ख्या भावंडांच्या बाबतीत आनुवंशिक किंवा परिस्थितीजन्य कारण समान असू शकते. लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या गणितावर जाहीर आक्षेप घेतला. पुढे एका मुलाच्या शरीरात जंतुसंसर्ग आढळल्याचा अहवाल बचाव पक्षापर्यंत पोहोचलाच नव्हता हेही उघड झाले, आणि २००३ मध्ये सॅली क्लार्क निर्दोष सुटल्या. त्या त्यातून सावरल्या नाहीत; २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

म्हणजे ज्या डॉक्टरांनी लपलेला छळ ओळखायला शिकवले, त्यांच्याच साक्षीने एक निरपराध आई तुरुंगात गेली. म्हणून माझे मत असे आहे की संशय आला तर तो नोंदवावा, वरिष्ठांना आणि बालसंरक्षण यंत्रणेला कळवावा, मुलाच्या रक्ताचे आणि लघवीचे नमुने परिचारिकेच्या देखरेखीखाली घ्यावेत, आणि आरोपाचा शब्द पुरावा हाती येईपर्यंत तोंडातून काढू नये. मालिकेतही ॲमा आणि कॅमिल वाचतात त्या कोणाच्या अंतर्ज्ञानामुळे नाही. रिचर्ड मॅरियनचे जुने वैद्यकीय कागद मिळवतो, आणि ते कागद बोलतात.

संध्यामंगल

कागदांबद्दल बोलत आहात तर त्याच कागदांनी केलेला घोळही पाहा. अडोराने एका मुलीला विष घालून मारले याचा पुरावा मिळाल्यावर पोलिसांनी उरलेले दोन खूनही तिच्याच खात्यावर मांडून टाकले. एकदा राक्षसीण सापडली की बाकीचे पापही तिचेच, असा हा हिशेब आहे, आणि आपण प्रेक्षकांनीही तो निमूटपणे स्वीकारला. साप समजून भुई धोपटायचे नाटक आधी त्या बिचाऱ्या भावाच्या बाबतीत झाले होते. या वेळी खराच साप सापडला, पण दुसरा बिळातच राहिला.

माझ्या मते ॲमाकडे पाहताना तिला नुसती 'जात्याच दुष्ट' म्हणून सोडून देता येणार नाही. घरात ती झालरीचे झगे घालून बाहुलीसारखी वावरते आणि आई देईल ते निमूटपणे पिते. बाहेर पडताच ती गावावर सत्ता गाजवते. जिने स्वतःचे शरीर आईला खेळायला देऊन टाकले आहे ती आईचे लक्ष दुसऱ्या मुलींकडे वळलेले कसे सहन करील? मारल्या गेलेल्या दोन्ही मुलींना अडोरा माया लावत होती, त्यांना शिकवत होती. सेंट लुईसमध्येही मे ही कॅमिलचे लक्ष वेधून घेऊ लागते, आणि लगेच नाहीशी होते. हे सूत्र एकच आहे.

शनिवारपेठ

मग एक सांगा: अडोराला माहीत होते की नव्हते? कारण माहीत असेल तर ती लेकीसाठी जन्मभराची शिक्षा गप्प राहून भोगते आहे, म्हणजे ती पुन्हा एकदा थोर माता ठरते, आणि तिला नेमके तेच हवे असते.

मुठाकाठ

तिला माहीत नव्हते असे मला वाटते, आणि माझा आधार ॲमाचे शेवटचे वाक्य हाच आहे. आई त्याच खुनांसाठी तुरुंगात असताना मुलगी म्हणते की आईला सांगू नकोस. आईला ठाऊक असते तर हे वाक्य निरर्थक ठरले असते. ॲमाला कायद्याची, पोलिसांची किंवा समोर उभ्या असलेल्या बहिणीची भीती वाटत नाही. आईच्या मनातली 'चांगली मुलगी' पुसली जाईल एवढीच तिला भीती आहे. याच भागात करी कॅमिलचा लेख वाचतो, आणि त्यात तिने स्वतःला विचारलेले असते की मी ॲमाची काळजी घेते ती मायेपोटी की आईचा आजार माझ्यातही आला आहे म्हणून. ती मायेच्या बाजूने कौल देते, आणि थोड्याच वेळात तिला दात सापडतो. या लेखाला मिळालेले हे उत्तर फार क्रूर आहे, आणि मालिकेने ते कॅमिलला स्वतःच्या घरात गाठून दिले आहे.

संध्यामंगल

मला हे पटलेले नाही. ज्या बाईला घरातला प्रत्येक चमचा कुठे आहे हे ठाऊक असते, तिच्या घरात रक्त लागलेली पक्कड पडून राहते आणि तिला पत्ता नाही? शिवाय बाहुलीघर तिच्या डोळ्यांसमोर तयार झाले आहे. येत्या शनिवारी पहिला भाग पुन्हा लावू या. त्यात ॲमा बाहुलीघर दाखवते तेव्हा वरच्या मजल्याची जमीन कॅमेऱ्यात येते की नाही, हे स्वतः पाहिल्याशिवाय मी माझे म्हणणे सोडणार नाही.